बोलण्याची चाल : लेओश यानाचेक

लेओश यानाचेकचा जन्म ३ जुलै १८५४ रोजी मोरावियातल्या हुकवाल्डी या खेड्यात, गावच्या शाळेच्या इमारतीत झाला. वडील तिथले शिक्षक. त्या काळच्या चेक खेड्यांत शिक्षकाकडे मुलांना शिकवण्याबरोबर चर्चमधले ऑर्गनवादन आणि गायकवृंदाची जबाबदारीही असे. मोझार्ट-बेथोव्हनचा वारसा सांगणारे व्हिएन्ना शहर फार दूर नव्हते, पण हुकवाल्डीच्या परिसरात कानावर पडायची ती गावकऱ्यांची गाणी, लग्नातले नाच, डल्सिमरच्या तारांवरचे ठोके आणि तिथली खास आखूड स्वरांची बोली. चेक भाषेतले स्वर जिथे लांबतात, तिथे या भागातला माणूस ते तोडून टाकतो. या बोलीचा यानाचेकच्या संगीतावरचा ठसा शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

घरात मुले पुष्कळ आणि पैसा कमी. १८६५ मध्ये अकरा वर्षांच्या लेओशला ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात गायक-विद्यार्थी म्हणून ठेवण्यात आले. निळ्या गणवेशामुळे या मुलांना गावात ‘निळे’ म्हणत. मठातल्या संगीताचा प्रमुख पावेल क्रिझकोव्स्की हा स्वतः लोकगीतांवर समूहगाने रचणारा नामांकित संगीतकार होता, त्यामुळे मुलाला उत्तम गुरू मिळाला. त्याच वर्षी याच मठातल्या ग्रेगोर मेंडेल नावाच्या साधूने वाटाण्यांवरच्या आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष ब्रनोमधल्या एका सभेत वाचून दाखवले होते. पुढे मेंडेल मठाधिपती झाला आणि १८८४ मध्ये त्याच्या अंत्यविधीच्या वेळी संगीताची बाजू यानाचेकने सांभाळली.

मुलगा मठात आल्याला वर्ष होते न होते तोच वडील वारले. यानाचेकने शिक्षकाचा पेशा पत्करला आणि जोडीला संगीत शिकायला १८७४ मध्ये तो प्रागच्या ऑर्गन विद्यालयात गेला. पियानो भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. टेबलावर खडूने पट्ट्या आखून तो बोटांचा सराव करी, अशी हकिकत सांगितली जाते. गरिबी होती, तरी जीभ मात्र आवरत नव्हती. विद्यालयाचे संचालक स्कुहेर्स्की यांच्या एका सादरीकरणावर त्याने छापील टीका केली आणि विद्यालयाने त्याला काढून टाकले. नंतर परत घेतले. मोठ्या माणसांवर उघड टीका करायची आणि तिची किंमत वर्षानुवर्षे मोजायची, हा प्रकार त्याच्या आयुष्यात पुन्हा घडणार होता.

लाइपझिग आणि व्हिएन्नामधल्या थोड्या शिक्षणानंतर तो ब्रनोला परतला आणि तिथेच राहिला. १८८१ मध्ये दोन गोष्टी झाल्या. त्याने शहरात ऑर्गन विद्यालय सुरू केले, ज्याचे संचालकपद पुढे तो १९१९ पर्यंत सांभाळणार होता. आणि त्याने झ्डेंका शुल्त्सोवा हिच्याशी लग्न केले. ती त्याची पियानोची विद्यार्थिनी, शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या संचालकाची मुलगी. लग्नाच्या वेळी तिला सोळावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते. तिच्या घरात जर्मन बोलली जाई, तर यानाचेक कडवा चेक. ब्रनो शहरही तसेच दुभंगलेले होते: सत्ता, पैसा आणि मोठे नाट्यगृह जर्मन भाषकांकडे, तर चेक नाटक मंडळी एका तात्पुरत्या जागेत प्रयोग करत. पहिली मुलगी ओल्गा जन्मल्यावर नवरा-बायको काही काळ वेगळे राहिले, मग पुन्हा एकत्र आले. दुसरे मूल, मुलगा व्लादिमिर, दोन-अडीच वर्षांचा असताना १८९० मध्ये गेला.

चाळिशीपर्यंतचा यानाचेक हा एका प्रांतिक शहरातला कष्टाळू शिक्षक, गायकवृंदाचा चालक आणि आपल्याहून तेरा वर्षांनी मोठ्या असलेल्या द्वोर्झाकचा मित्र व चाहता होता. तोवरच्या त्याच्या रचना नेटक्या आहेत, पण त्यांत द्वोर्झाकचीच सावली दिसते. ती सावली पुसली ती खेड्यांतल्या भटकंतीने. १८८८ पासून लोकसाहित्याचा अभ्यासक फ्रांतिशेक बार्तोश याच्याबरोबर तो मोरावियाभर हिंडला, गाणी आणि नाच टिपून घेतले आणि त्यांचे संग्रह काढले. गाणी टिपताना त्याच्या ध्यानात आले की गाण्याचा ताल आणि चढउतार गाणाऱ्याच्या बोलण्यातूनच आलेले असतात. तेव्हा गाण्याच्या मुळाशी जायचे तर आधी बोलणे ऐकायला हवे.

साधारण १८९७ पासून तो लोकांचे बोलणे स्वरलिपीत उतरवू लागला आणि मरेपर्यंत त्याने हे काम सोडले नाही. खिशात वही असे. बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाला काय म्हणाली, फलाटावर कोणी कोणाला हाक मारली, दोन मुलांचे भांडण कोणत्या स्वरावर सुरू झाले आणि कोणत्या स्वरावर चिडून थांबले, हे सारे पाच रेघांवर लिहिलेले असे. खाली शब्द, शेजारी जागा आणि तारीख, कधी हवा कशी होती तेही. चेकमध्ये त्याने याला बोलण्याच्या छोट्या चाली म्हटले. ‘आलास?’ हा एकच शब्द वाट पाहून थकलेली आई म्हणेल, उशीर झाला म्हणून चिडलेला मित्र म्हणेल आणि नको असलेला पाहुणा दारात दिसल्यावर घरमालक म्हणेल, तर अक्षरे तीच राहूनही तीन वेगळ्या चाली ऐकू येतील. यानाचेकच्या मते माणसाच्या मनात काय चालले आहे ते अर्थापेक्षा या चालीतून अधिक खरेपणाने कळते. शब्द खोटे बोलू शकतात, चाल सहसा नाही. पुढे या नोंदी अचूक व्हाव्यात म्हणून त्याने काळाचे सूक्ष्म अंश मोजणारे हिपचे क्रोनोस्कोप हे यंत्रही वापरले. माणसांपुरता तो थांबला नाही. कोंबड्या, कुत्री, पक्षी, डास, वाहते पाणी, सगळ्यांच्या नोंदी त्याच्या वह्यांत आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टिपलेल्या चाली उचलून त्याने ऑपेरात चिकटवल्या, असे नाही. परक्या माणसाच्या आयुष्यातला तुकडा आपल्या पात्राच्या तोंडी घालणे त्याला चोरीसारखे वाटे. वह्या हा त्याचा रियाज होता. हजारो चाली कानाखालून गेल्यावर भीती, लाज, लाडीगोडी, पश्चात्ताप यांचे आवाज कसे वळतात ते त्याच्या अंगवळणी पडले आणि मग कल्पनेतल्या पात्राच्या वाक्यालाही खरी चाल सुचू लागली.

या रियाजाचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘येनूफा’. गाब्रिएला प्राइसोवा हिच्या मोरावियन खेड्यातल्या नाटकावरून यानाचेकने हा ऑपेरा १८९४ ते १९०३ अशी नऊ वर्षे, मध्ये मोठे खंड पडत, लिहिला. त्या काळी ऑपेराची संहिता म्हणजे छंदोबद्ध ओळी असे ठरलेले होते. यानाचेकने नाटकातले गद्य संवादच घेतले. येनूफाला श्तेवा या तरुणापासून दिवस गेले आहेत. तिच्यावर जीव असलेला लात्सा मत्सराने तिच्या गालावर सुरीने वार करतो. गाल विद्रूप होताच श्तेवा तिच्यापासून दूर जातो. सावत्र आई, जिला सारे गाव कोस्तेल्निच्का म्हणून मान देते, ती येनूफाला घरात लपवून ठेवते आणि बाळ जन्मल्यावर मुलीची अब्रू वाचावी म्हणून हिवाळ्यातल्या रात्री त्या अर्भकाला गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली सोडून येते. वसंतात बर्फ वितळते आणि ऐन येनूफा-लात्साच्या लग्नाच्या दिवशी प्रेत सापडते.

दुसऱ्या अंकात कोस्तेल्निच्काचा निर्णय होतो तो प्रसंग नीट ऐकण्यासारखा आहे. ती एकटी आहे. तिची वाक्ये लांबत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी येतात, तोच स्वरसमूह ती पुन्हा पुन्हा म्हणते आणि प्रत्येक वेळी तो थोडा वर सरकतो. वाद्यवृंद तिला साथ देत नाही, तो तिला ढकलतो. शेवटी गाव आपल्याकडे बोट दाखवून हसते आहे असे तिच्या डोळ्यांसमोर येते, आवाज किंचाळीपर्यंत जातो आणि ती शाल घेऊन, बाळ उचलून बाहेर पडते. हे सारे थोडक्या मिनिटांत घडते. खुनी बाई ऑपेरात नवी नव्हती. पण खून करणारी बाई मुलीवरच्या मायेपोटीच तो करते आहे, हे प्रत्येक वाक्याच्या चालीतून ऐकू यावे, हे नवे होते.

ऑपेरा पुरा होत होता तेव्हा ओल्गा मरणाच्या दारात होती. १९०२ मध्ये काकांकडे सेंट पीटर्सबर्गला गेलेली असताना तिला विषमज्वर झाला आणि त्यातून ती नीट उठलीच नाही. २६ फेब्रुवारी १९०३ रोजी, एकविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी ती गेली. तिच्या शेवटच्या दिवसांतले बोलणेही बापाने स्वरलिपीत टिपून ठेवले. वाचणाऱ्याला हे विचित्र, कदाचित क्रूर वाटेल. पण या माणसाकडे जपून ठेवण्याचे दुसरे साधन नव्हते. छायाचित्रात चेहरा राहतो, त्याला मुलीचा आवाज राखायचा होता. ‘येनूफा’ तिच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. याच सुमारास सुरू झालेल्या ‘झाडोऱ्याने झाकलेल्या पायवाटेवर’ या पियानोच्या छोट्या तुकड्यांतही तिचे जाणे ऐकू येते. त्यांतल्या एका तुकड्यात घुबड आहे. आजाऱ्याच्या घरावरून घुबड हुसकले गेले नाही तर आजारी माणूस वाचत नाही, अशी तिकडची समजूत आहे.

२१ जानेवारी १९०४ रोजी ब्रनोच्या तात्पुरत्या नाट्यगृहात अपुऱ्या वाद्यवृंदानिशी ‘येनूफा’चा पहिला प्रयोग झाला. ब्रनोने डोक्यावर घेतले, प्रागने दार लावून घेतले. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा संगीतप्रमुख कारेल कोवार्झोवित्स हा स्वतः संगीतकार होता आणि यानाचेकने १८८७ मध्ये त्याच्या एका ऑपेराची छापून खिल्ली उडवली होती. बारा वर्षे ‘येनूफा’ प्रागबाहेर राहिला. शेवटी स्नेह्यांच्या रदबदलीने कोवार्झोवित्स तयार झाला, पण वाद्ययोजना स्वतः दुरुस्त करण्याच्या अटीवर. २६ मे १९१६ रोजी प्रागला प्रयोग झाला. तेव्हा यानाचेक एकसष्ट वर्षांचा होता. प्रागमधला लेखक माक्स ब्रोड, काफ्काचा मित्र, याने संहितेचे जर्मन भाषांतर केले, व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने स्वरलेखन छापले, १९१८ मध्ये व्हिएन्नात आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये प्रयोग झाले. पेन्शनीला आलेला प्रांतिक शिक्षक दोन-तीन वर्षांत युरोपीय संगीतकार झाला.

मधली बारा वर्षे रिकामी मात्र नव्हती. १ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रनोमध्ये चेक विद्यापीठाच्या मागणीसाठी निदर्शने चालू असताना फ्रांतिशेक पाव्लीक हा तरुण कामगार सैनिकाच्या संगिनीने मारला गेला. यानाचेकने त्या तारखेच्याच नावाने पियानो सोनाटा लिहिला. पहिल्या प्रयोगाआधी त्याने तिसरा भाग जाळला आणि नंतर उरलेले दोन भाग प्रागला व्ल्तावा नदीत फेकले. वादक ल्युडमिला तुच्कोवा हिने त्यांची प्रत करून ठेवली होती, म्हणून १९२४ मध्ये ते छापता आले. पेत्र बेझरुच या कवीच्या कवितांवरची पुरुषवृंदाची गाणी याच काळातली. खाणकामगार, अनाथ मुलगी आणि चेक बोलण्याचा हट्ट धरणारा म्हणून बढती नाकारलेला शिक्षक ही त्यांतली माणसे आहेत.

१९१७ च्या उन्हाळ्यात लुहाचोवित्से या औषधी झऱ्यांच्या गावी यानाचेकची कामिला श्तेस्लोवा हिच्याशी ओळख झाली. ती पिसेक गावची, एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची बायको, दोन मुलांची आई आणि त्याच्याहून अडतीस वर्षांनी लहान. संगीतात तिला फारसे स्वारस्य नव्हते. पुढच्या अकरा वर्षांत त्याने तिला सातशेहून अधिक पत्रे लिहिली. तिची उत्तरे थोडी आणि कोरडी असत. घरी झ्डेंकाबरोबरचा संसार त्याआधीच मोडकळीला आला होता. कायदेशीर घटस्फोट न घेता एकाच घरात वेगळे राहण्याचा लेखी करार दोघांनी केला होता. या ओढीने म्हाताऱ्याला झपाटले असे म्हणून चरित्रकार पुढे सरकतात, पण त्यात झ्डेंकाने जे सोसले ते दुय्यम मानता येत नाही. तिने उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणी यानाचेकच्या चरित्राचा आवश्यक भाग आहेत.

साठी-सत्तरीतल्या त्या अकरा वर्षांत त्याने जे लिहिले त्यावर त्याची आजची कीर्ती उभी आहे. ‘कात्या काबानोवा’ (१९२१) हा ऑस्त्रोव्स्कीच्या ‘वादळ’ नाटकावरचा ऑपेरा. व्होल्गाकाठचे गाव, जाच करणारी सासू, आईपुढे मान खाली घालणारा नवरा आणि सगळ्यांसमोर आपले पाप कबूल करून नदीत उडी घेणारी सून. ‘धूर्त कोल्हीण’ (१९२४) हिचा उगम वर्तमानपत्रात आहे. स्तानिस्लाव लोलेकच्या चित्रांवर रुडोल्फ त्येस्नोह्लीदेकने ‘लिदोवे नोविनी’त एक मालिका लिहिली होती. ती वाचून घरकाम करणारी मारी स्टेइस्कालोवा हसत होती आणि तिच्याचमुळे यानाचेकचे तिकडे लक्ष गेले, असे सांगतात. मूळ गोष्ट कोल्हिणीच्या लग्नापाशी संपते. यानाचेकने तिला गोळी घालून मारले आणि तरीही ऑपेरा शोकान्त होऊ दिला नाही. शेवटी म्हातारा वनरक्षक जंगलात विसावतो, तेव्हा त्याला हुबेहूब आईसारखे दिसणारे कोल्हिणीचे पिल्लू भेटते आणि त्याच्या हाताला लागलेला बेडूक सांगतो की तुम्हाला वाटतो तो मी नव्हे, तो माझा आजोबा होता. वाद्यवृंदात कीटक, बेडूक, पहाट हे सारे आहे, आणि वह्यांतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींचे चीज झालेले स्पष्ट ऐकू येते.

‘माक्रोपुलोस प्रकरण’ (१९२६) हा कारेल चापेकच्या नाटकावरचा ऑपेरा त्याच्या अगदी उलट आहे: वकिलाची कचेरी, वारसाहक्काचा रेंगाळलेला खटला, टेलिफोन आणि या सगळ्यांत ३३७ वर्षे जगून कंटाळलेली एक गायिका. कायद्याच्या कलमांना चाल लावण्याचे धाडस फारसे कोणी केले नसेल. शेवटी अमरत्वाचा कागद ती नाकारते, तेव्हा कोरड्या वाटणाऱ्या संगीतातून एकदम माया उसळते.

याच वर्षांत भारताशी एक खरा धागा जुळला. १९२१ च्या जूनमध्ये रवींद्रनाथ ठाकूर प्रागला आले होते. यानाचेक ऐकायला गेला, त्यांच्या बोलण्याच्या लयीकडे कान लावून बसला आणि ‘लिदोवे नोविनी’त त्याने त्यावर लेख लिहिला. पुढच्या वर्षी ‘द गार्डनर’ संग्रहातल्या परीस शोधत हिंडणाऱ्या वेड्याच्या कवितेवर त्याने पुरुषवृंदासाठी ‘भटका वेडा’ ही रचना केली. खडे उचलून कमरेच्या साखळीला लावायचे आणि टाकून द्यायचे अशी सवय लागलेल्या त्या माणसाची साखळी सोन्याची होऊन गेली, तरी त्याला पत्ता नाही. गावातला पोरगा ते दाखवून देतो. यानाचेकने त्या पोरासाठी पुरुषांच्या दाट आवाजावर एकच उंच स्त्रीस्वर ठेवला.

वाद्यवृंदाच्या रचनांत ‘सिन्फोनिएटा’ (१९२६) सर्वांत लोकप्रिय. पिसेकच्या बागेत लष्करी बँडचे तुतारीवादन ऐकून तिची कल्पना सुचली आणि सोकोल या व्यायामसंघटनेच्या मेळाव्याचे निमित्त झाले. सुरुवातीला नऊ तुताऱ्या, दोन टेनर ट्यूबा, दोन बास तुताऱ्या आणि नगारे एवढेच वाजतात. सगळी वाद्ये जमतात तेव्हा तुताऱ्या बारा होतात. पुढच्या भागांत ब्रनोचा किल्ला, मठ, रस्ता आणि नगरभवन येतात. मठ म्हणजे तो लहानपणी राहिला तोच. चेकोस्लोवाकिया स्वतंत्र झाल्यावर परके वाटणारे शहर आपले झाले, त्याचा हा आनंद आहे. हारुकी मुराकामीच्या कादंबरीमुळे या शतकात तिला नवे श्रोते मिळाले. ‘ग्लागोलिटिक मास’ (पहिला प्रयोग १९२७) ही प्रार्थना लॅटिनऐवजी प्राचीन स्लाव्ह भाषेत आहे आणि तिच्यात चर्चच्या काळोखापेक्षा उघड्या रानाचा वारा अधिक आहे. एका समीक्षकाने श्रद्धाळू वृद्धाची रचना असे म्हटल्यावर यानाचेकने आपण वृद्धही नाही आणि श्रद्धाळूही नाही असे त्याला कळवले.

या उत्तरकालीन शैलीची घडण पहिल्याच ऐकण्यात ओळखू येते. दोन-चार स्वरांचा तुकडा, तो सारखा फिरत राहतो, मग अचानक दुसरा तुकडा त्याला छेदतो. जर्मन परंपरेतला शांतपणे होणारा विस्तार इथे नाही. पिकोलो आणि नगारा, म्हणजे अगदी उंच आणि अगदी खालचा आवाज, एकत्र वाजतात आणि मधली जागा मोकळी राहते. छापील स्वरलेखनाच्या कागदावर रिकाम्या रेघा दिसल्या की त्या भरण्याचा मोह होतो, म्हणून अखेरच्या काळात तो कोऱ्या कागदावर लागतील तेवढ्याच रेघा हाताने ओढी. वादकांना हे अवघड जाई, आणि वाद्यवृंदाच्या संचालकांना तर ही अडाणीपणाची खूण वाटे.

दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट त्याने १९२८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सुमारे तीन आठवड्यांत लिहिले. आधी त्याचे नाव ‘प्रेमपत्रे’ होते, मग ‘खासगी पत्रे’ झाले. कामिलाशी झालेल्या पहिल्या भेटीपासूनचे प्रसंग त्यात आहेत आणि व्हायोलाचा स्वर बहुधा तिचा आहे. जुलैअखेर कामिला मुलासह हुकवाल्डीला आली. मुलगा रानात चुकला असे वाटून यानाचेक त्याला शोधत फिरला, त्याला थंडी बाधली आणि न्यूमोनिया झाला. १२ ऑगस्ट १९२८ रोजी ओस्त्रावाच्या एका रुग्णालयात त्याचे निधन झाले. ब्रनोतल्या अंत्यविधीला ‘धूर्त कोल्हीण’मधला वनरक्षकाचा शेवटचा प्रवेश गायला गेला.

टेबलावर ‘मृतांच्या घरातून’ हा दस्तयेव्हस्कीवरचा ऑपेरा जवळजवळ पूर्ण होता. सैबेरियातला तुरुंग, नायक नाही, नायिका नाही. कैदी एकामागून एक आपापला गुन्हा सांगतात, आणि प्रत्येक माणसात ईश्वराची ठिणगी असते असे यानाचेकने हस्तलिखितावर लिहून ठेवले होते. खलुबना आणि बाकाला या शिष्यांना वाद्ययोजना इतकी विरळ वाटली, की गुरूला ती भरायची राहून गेली असावी असे समजून त्यांनी ती भरली आणि शेवटी स्वातंत्र्याचे समूहगान जोडले. १९३० मध्ये ब्रनोला तसाच प्रयोग झाला. यानाचेकने लिहिलेला शेवट वेगळा होता: एक कैदी सुटतो, गरुड उडून जातो, आणि पहारेकरी बाकीच्यांना पुन्हा कामावर हाकतात.

या दुरुस्त्या उतरवायला अर्धे शतक लागले. प्रागला शिकलेला वाद्यवृंदसंचालक चार्ल्स मॅकेरास याने १९५१ मध्ये लंडनला ‘कात्या’ बसवला आणि १९७६ पासून व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर प्रमुख ऑपेरांची ध्वनिमुद्रणे केली. जॉन टिरेल या संशोधकाबरोबर त्याने ‘येनूफा’ची कोवार्झोवित्सच्या हातची सफेदी काढलेली आवृत्ती सिद्ध केली, आणि आज बहुतेक नाट्यगृहे तीच वापरतात. ‘मृतांच्या घरातून’ही आता कैद्यांच्या कामावर परतण्यानेच संपवतात. ब्रनोच्या मोरावियन संग्रहालयात यानाचेकच्या वह्या, पत्रे आणि हस्तलिखिते ठेवलेली आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने हा संग्रह ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत दाखल केला.